बर्था बेंझ आणि ढिला पडलेला हँडब्रेक

गाडी उतारावर उभी आहे. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढलाय, दहा-बारा खटके झाले, तरी ब्रेकच्या पॅडलवरून पाय काढला की गाडी हळूच पुढे सरकते. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना हे काही नवीन नाही. आणि यावर सगळ्यांना सुचणारा पहिला उपायही ठरलेला: नट आवळ, केबल ताण. हा उपाय बहुतेक वेळा भलत्याच टोकापासून सुरू होतो.

ते कसं, हे सांगण्यासाठी मी आज बर्था बेंझची गोष्ट घेतली आहे. तुम्ही ती कदाचित ऐकली असेल. नवऱ्याने बनवलेली मोटारगाडी त्याला न सांगता घेऊन माहेरी गेलेली बाई, औषधाच्या दुकानातून घेतलेलं इंधन, टोपीच्या पिनेने साफ केलेली नळी. दर महिला दिनाला हे सगळं व्हॉट्सअॅपवर फिरतं. त्या फॉरवर्डमध्ये ब्रेकचा विषय शेवटच्या ओळीत उरकलेला असतो. मला मात्र त्या सगळ्या प्रवासात तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मी रोज कोड लिहिते आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधते, म्हणूनही असेल.

तर सुरुवातीपासून.

बर्था रिंगर ३ मे १८४९ रोजी फोर्झहाइमला जन्मली. नैर्ऋत्य जर्मनीतलं, तेव्हाच्या बाडेन राज्यातलं हे शहर सोन्याच्या दागिन्यांच्या कारागिरीसाठी ओळखलं जातं. वडील सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात चांगले पैसे मिळवून होते. तिच्या जन्माची नोंद घरच्या बायबलमध्ये करताना वडिलांनी पुन्हा मुलगीच झाली म्हणून हळहळ लिहून ठेवली होती, असं सांगतात. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कार्ल बेंझ तिच्याहून पाचेक वर्षांनी मोठा. रेल्वे इंजिन ड्रायव्हरचा मुलगा. तो दोन वर्षांचा असताना वडील गेले, आईने ओढाताण करून त्याला कार्ल्सरुहेला इंजिनिअरिंग शिकवलं. १८७१ मध्ये त्याने ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर मॅनहाइमला छोटा कारखाना काढला. रिटर भरवशाचा निघाला नाही आणि कारखाना बुडायची वेळ आली. तेव्हा कार्ल आणि बर्थाचं लग्न ठरलेलं होतं, झालेलं नव्हतं. बर्थाने वडिलांकडून आपल्या लग्नासाठी ठेवलेले पैसे आधीच मागून घेतले आणि त्यातून रिटरचा हिस्सा विकत घेतला गेला. लग्न झालं २० जुलै १८७२ ला.

मराठीत या पैशाला हुंडा म्हटलं की डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं, म्हणून स्त्रीधन म्हणू. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर बायकोच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती जायचा. म्हणजे हा पैसा कुठे लावायचा हे स्वतः ठरवायची तिच्याकडची वेळ लग्नाआधीचीच होती. ती तिने वापरली. आजच्या भाषेत ती या स्टार्टअपची पहिली गुंतवणूकदार. पुढे गाडीचं पेटंट झालं, त्यावर मात्र तिचं नाव नव्हतं.

लग्नानंतरची सात-आठ वर्षं ओढग्रस्तीची गेली. मुलं होत होती, कर्ज वाढत होतं. १८७९ च्या ३१ डिसेंबरला रात्रीच्या जेवणानंतर बर्थाने कार्लला पुन्हा एकदा कारखान्यात जाऊन इंजिन चालू करून बघायला लावलं आणि त्या रात्री त्याचं टू-स्ट्रोक इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. कार्लने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात ही रात्र मोठ्या प्रेमाने रंगवली आहे. पुढचा धंद्याचा प्रवास थोडक्यात सांगते: भागीदार आले, भागीदार गेले, १८८३ मध्ये बेंझ अँड कंपनी उभी राहिली, आणि स्थिर इंजिनांच्या विक्रीतून कार्लला गाडीचा नाद पुरवता येईल इतका पैसा मिळू लागला. २९ जानेवारी १८८६ ला त्याने पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ९५४ सीसीचं एक सिलिंडर, ताकद पाऊण हॉर्सपॉवरच्या आसपास. आजच्या स्कूटरचं इंजिन त्याच्या कितीतरी पट ताकदीचं असतं.

गाडी तर झाली. घेणारं कोणी नव्हतं. लोक बघायला यायचे, हसायचे, निघून जायचे. आणि कार्लचा स्वभाव असा की गाडी अजून पूर्ण झाली नाही, अजून एक सुधारणा करू, मग दाखवू. असे इंजिनिअर प्रत्येक ऑफिसात असतात आणि ते वाईट इंजिनिअर नसतात. पण त्यांची चाचणी होते ती आवाराच्या आत, ओळखीच्या रस्त्यावर, सोबत हत्यारं आणि मदतनीस घेऊन. गाडी बिघडलीच तर ढकलत परत आणता येईल इतक्याच अंतरावर. अशा चाचणीत ब्रेक कधीच खराब होत नाही, कारण त्याला खरं काम पडतच नाही.

माहेरचा रस्ता

१८८८ चा ऑगस्ट महिना. शाळांना सुटी. बर्था तेव्हा ३९ वर्षांची. पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिखार्ड या दोन मुलांना घेऊन ती पहाटे घराबाहेर पडली. कार्ल झोपलेला होता. त्याच्यासाठी आईकडे जात असल्याची चिठ्ठी ठेवली, कशाने जाणार ते लिहिलं नाही. गाडी होती पेटंट मोटारवागेनचं तिसरं मॉडेल, ताशी जेमतेम १५-१६ किलोमीटर धावणारी. मॅनहाइम ते फोर्झहाइम हे अंतर तिने घेतलेल्या रस्त्याने शंभर किलोमीटरच्या थोडं वर. तोपर्यंत इतक्या लांब कुठलीही मोटारगाडी गेलेली नव्हती.

रस्ते घोडागाडीचे. पेट्रोल पंप हा शब्दही जन्मला नव्हता. गाडीत वेगळी टाकी नाही, कार्ब्युरेटरमध्येच चार-साडेचार लिटर इंधन मावायचं. ते संपत आलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायला विकला जाणारा हा पेट्रोलियमचाच एक हलका प्रकार. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. इंजिन थंड ठेवायला लागणारं पाणी वाफ होऊन उडून जायचं, म्हणून दिसेल तिथे पाणी भरायचं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनची वायर उघडी पडली तिथे पायमोज्याच्या पट्ट्याचं इन्शुलेशन केलं. साखळी सैल झाली तेव्हा लोहाराला गाठलं. चढ आला की दोन हॉर्सपॉवरचं इंजिन दम सोडायचं, मग उतरून ढकलायचं. यातला बराच तपशील कुटुंबाने पुढे सांगितलेल्या आठवणींतून आला आहे, पण प्रवास झाला, गाडी पोचली आणि परत आली, याबद्दल वाद नाही.

चढाचा त्रास दिसतो, घाम येतो. उतार मात्र गप्प असतो.

थोडं गणित करून बघू. गाडी आणि वर बसलेली तीन माणसं मिळून ४५० किलो धरा. रस्ता एकूण १०० मीटर खाली उतरला असं समजा. ४५० गुणिले ९.८ गुणिले १०० म्हणजे सुमारे ४,४१,००० जूल. एवढ्या उष्णतेत २० अंशांवरचं सव्वा लिटर पाणी आरामात उकळीला येईल. त्यातली काही ऊर्जा रस्त्याच्या आणि साखळी-पट्ट्यांच्या घर्षणात जाते, पण उरलेली सगळी ब्रेकच्या दोन छोट्या पृष्ठभागांवर येऊन पडते. वेग कमी आहे म्हणून हा आकडा कमी होत नाही. सावकाश उतरलात तरी उंची तितकीच उतरायची असते.

त्या गाडीचा ब्रेक म्हणजे हाताने ओढायचा लिव्हर, आणि त्याने फिरत्या भागावर दाबले जाणारे लाकडी ठोकळे. पायाने दाबायचा हायड्रॉलिक ब्रेक यायला अजून तीसेक वर्षं होती. म्हणजे गाडी चालती असताना थांबवायची तीही हातानेच. लाकूड गरम झालं की त्याचा पृष्ठभाग करपतो, गुळगुळीत होतो, पकड सुटते. शिवाय ते झिजतं. झिजलं की ठोकळा आणि फिरता भाग यांच्यातलं अंतर वाढतं, आणि लिव्हरचा अर्धा प्रवास ते अंतर भरून काढण्यातच संपतो. हाताला जाणवतं ते एवढंच की ब्रेक ढिला झाला. सोबत बसलेली दोन मुलं, पुढे उतार आणि हातातला लिव्हर अर्ध्या वाटेपर्यंत नुसताच येतोय, ही अवस्था कुणालाही आणखी जोराने ओढायला लावेल.

बर्थाने वाटेतल्या गावात मोच्याला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं.

हे मला फार आवडतं. लिव्हर लांब केला नाही, दोरी-सळई ताणली नाही. जिथे घर्षण होतं तो पृष्ठभाग बदलला. चामड्याची लोखंडावरची पकड झिजून गुळगुळीत झालेल्या लाकडापेक्षा चांगली, चामड्याच्या जाडीने वाढलेलं अंतरही भरून निघतं, आणि झिजलं तर चामडं उपटून नवं ठोकता येतं, अख्खा ठोकळा बदलावा लागत नाही. आज आपण ज्याला ब्रेक लायनर म्हणतो त्याची सगळी कल्पना यात आली: मूळ भाग मजबूत ठेवायचा आणि त्यावर झिजण्यासाठीच बनवलेला, बदलता येणारा थर चढवायचा. ब्रेक लायनिंगचा उगम सांगताना म्हणूनच बर्थाचं नाव घेतलं जातं.

अंधार पडताना ती माहेरी पोचली आणि कार्लला तार केली. काही दिवसांनी गाडी घेऊन परत मॅनहाइमला आली. येताना सोबत खरा फील्ड रिपोर्ट होता. चढासाठी आणखी एक गिअर हवा. ब्रेकला अस्तर हवं. कार्लने ते मनावर घेतलं. कारखान्यात बसून अजून दोन वर्षं सुधारणा केल्या असत्या तरी या दोन गोष्टी त्याच्या यादीत वर आल्या असत्या असं मला वाटत नाही.

लिव्हर, तार, शू

आता आपल्या काळात येऊ. १८८८ नंतर ब्रेकमध्ये खूप काही बदललं. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने लायनिंगच्या साहित्याचा मोठा धंदा उभा केला, फेरोडो हे नाव त्याचंच. १९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनॉने आतून बाहेर फाकणाऱ्या शूंचा ड्रम ब्रेक आणला. १९२० च्या दशकात हायड्रॉलिक ब्रेक गाड्यांत येऊ लागले. पण जुन्या गाडीतला हँडब्रेक मात्र तसाच राहिला: हाताने ओढायचा लिव्हर, त्याला जोडलेली तार, तारेच्या टोकाला शू. तेल नाही, व्हॅक्यूम नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. बर्थाला आज एखाद्या जुन्या चारचाकीखाली नेलं तर हा एक भाग ती न सांगता ओळखेल.

आणि बिघाडही तोच राहिला. तक्रार हाताकडे दिसते, कारण चाकाकडे असतं.

साताऱ्याला माझ्या मामाकडे १९८० च्या दशकातली एक छोटी चारचाकी आहे. घरासमोरचा रस्ता उतरता, त्यामुळे हँडब्रेक हा त्या घरात चर्चेचा कायमचा विषय आणि चाकामागे लावायचा दगड हा गाडीचाच एक पार्ट. ब्रेक ढिला झाला की गॅरेजमध्ये केबल ताणून आणायची, महिना बरा जायचा, पुन्हा तेच. एकदा ताणल्यावर उजवं मागचं चाक हाताला चटका बसेल इतकं तापायला लागलं. तेव्हा मामाच्या ओळखीच्या एका वयस्कर मेकॅनिकने दोन्ही मागची चाकं उचलून हँडब्रेक ओढायला सांगितला आणि हाताने चाकं फिरवून बघितली. उजवं जाम, डावं मजेत फिरतंय. डावीकडची तार तिच्या आवरणात गंजून बसली होती. वर्षानुवर्षं गाडी एकट्या उजव्या चाकाच्या जोरावर उतारावर उभी होती, आणि नट आवळला की तो सगळा ताण त्या एकाच शूवर जात होता. उजवीकडचं लायनर झिजून रिव्हेटपर्यंत आलं होतं. नवी केबल, दोन्ही बाजूंना नवे शू, आणि दगडाची नोकरी गेली. मामा अजूनही तो दगड लावतो, पण ती सवय.

त्या मेकॅनिकचा क्रम मी लक्षात ठेवला आहे, आणि तो मागच्या चाकांना ड्रम असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांना लागू पडतो. आधी सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडवण, मग गाडी उचलून नीट स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली वाकायचं नाही, कितीही घाई असली तरी. हँडब्रेक पूर्ण खाली, गिअर न्यूट्रलमध्ये. मग चाक हाताने फिरवायचं. ते मोकळं फिरतंय का, कुठे घासतंय, दोन्हीकडे सारखं आहे का? मग एक-एक खटका ओढत पुन्हा फिरवायचं. एक चाक आधी धरतं आणि दुसरं धरतच नाही, असं दिसलं तर तो अॅडजस्टमेंटचा प्रश्न नाही, त्या बाजूला काहीतरी अडलंय किंवा तुटलंय.

त्यानंतर ड्रम काढून आत बघायचं. इथे खरी माहिती असते. लायनर किती उरलंय, त्यावर तेल किंवा ग्रीस आहे का, ड्रमच्या आतल्या कडेला झिजून ओठ तयार झालाय का. लायनरला तेल लागलेलं असेल तर ते कापडाने पुसून भागत नाही, ते आत मुरलेलं असतं. शू बदलायचे, आणि तेल कुठून येतंय, व्हील सिलिंडर की एक्सलचं सील, ते आधी बंद करायचं. एक गोष्ट इथे ठळकपणे सांगते: जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपा, मास्क लावा. गॅरेजमध्ये आजही ती धूळ सर्रास फुंकर मारून उडवतात आणि ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

शू ठीक असतील तर ड्रमकडच्या अॅडजस्टरने त्यांचं अंतर कमी करायचं. चाक फिरवताना घासायला लागेपर्यंत पुढे न्यायचं, मग किंचित मागे, मोकळं फिरेल इतपत. पुष्कळ वेळा इथेच काम संपतं, कारण हँडब्रेकचा ढिलेपणा म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतरच होतं. ते दोन्हीकडे अर्धा अर्धा मिलिमीटर जास्त झालं की लिव्हरकडे त्याचे चार-पाच जास्तीचे खटके दिसतात. लिव्हर आपल्या हाताची ताकद वाढवून देतो त्याची ही किंमत: हात जितका हलतो त्याच्या एक छोटा अंश शू हलतो, म्हणून शूकडची बारीक चूक हाताकडे मोठी होऊन येते.

मग केबल. आवरणातली तार सहज मागे-पुढे सरकते का, कुठे तिचे धागे तुटून वर आलेत का, दोन्ही चाकांना सारखा ताण वाटणारी पट्टी मोकळी हलते का. हे सगळं बघून झाल्यावर, अगदी शेवटी, तो नट. किती खटक्यांत ब्रेक धरायला हवा हे प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तोच आकडा धरायचा.

नट आधी आवळला तर काय बिघडतं? लिव्हर खाली असतानाही तार शूंना थोडं फाकवून धरते. ते आपल्या जागी परत बसत नाहीत, चालत्या गाडीत घासत राहतात, तापतात, आणखी झिजतात. ज्या गाड्यांत शू आपोआप अॅडजस्ट होतात, त्यांत ती यंत्रणाच काम करेनाशी होते, कारण तिला शू कुठे विसावतात ते नीट कळत नाही. महिनाभर हँडब्रेक कडक लागतो आणि मालक खूश असतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही टाइमआउट वाढवून बग बंद करतो तेव्हा हेच करत असतो. अलार्म वाजायचा थांबतो.

पुढे काय झालं

त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात बेंझच्या गाडीला सुवर्णपदक मिळालं. गिऱ्हाइकं मात्र लगेच तुटून पडली नाहीत. त्या तीनचाकीच्या सगळ्या मॉडेल्स मिळून पंचवीसच्या आसपास गाड्या बनल्या. पहिली मोठी मागणी जर्मनीतून नाही, पॅरिसच्या एमिल रोजर या एजंटमार्फत फ्रान्समधून आली. १८९४ ची स्वस्त आणि हलकी व्हेलो गाडी आल्यावर चित्र बदललं, आणि शतक संपताना बेंझ अँड कंपनी वर्षाला ५०० हून जास्त गाड्या विकणारी, जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी झाली होती.

एका प्रवासाने हे सगळं घडवलं असं मी म्हणणार नाही. फॉरवर्ड तसं म्हणतात आणि ते खोटं आहे. बर्थाच्या बाजूने पुरावा मांडायला तेवढी अतिशयोक्ती लागतही नाही. पैसा तिचा होता, तो बुडायच्या बेतात असताना तिने हात काढून घेतला नाही, पाच मुलं वाढवली, आणि यंत्राला त्याच्या निर्मात्याच्या नजरेआड नेऊन तपासलं. शेवटचं काम त्या घरात दुसरं कोणी करत नव्हतं.

१९०३ मध्ये कंपनीच्या नव्या धोरणांवरून मतभेद होऊन कार्ल रोजच्या कारभारातून बाहेर पडला. बेंझ कुटुंब मॅनहाइमजवळच्या लाडेनबुर्गला राहायला गेलं, तिथे १९०६ मध्ये मुलांबरोबर वेगळी कंपनी काढली. ऑयगेन आणि रिखार्ड, एकेकाळी चढावर गाडी ढकलणारी ती दोन मुलं, आता गाड्या बनवत होती. १९१४ मध्ये कार्ल्सरुहेच्या तांत्रिक विद्यापीठाने कार्लला मानद डॉक्टरेट दिली. १९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या दोन कंपन्या एक झाल्या. ४ एप्रिल १९२९ ला कार्ल गेला. त्याने आत्मचरित्रात बायकोचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं होतं. ते नसतं तर आज आपल्याला यातलं फारसं काही ठाऊकच नसतं.

बर्था त्याच्यानंतर पंधरा वर्षं जगली. लाडेनबुर्गच्या त्याच घरात, दुसरं महायुद्ध बघत. ३ मे १९४४ ला ती ९५ वर्षांची झाली, त्या दिवशी कार्ल्सरुहेच्या विद्यापीठाने तिला मानद सिनेटरची पदवी दिली. कार्लच्या डॉक्टरेटनंतर तीस वर्षांनी. दोन दिवसांनी, ५ मे १९४४ ला ती गेली. पुढच्या फेब्रुवारीत ब्रिटिश विमानांनी एका संध्याकाळी फोर्झहाइम जवळजवळ संपूर्ण जाळून टाकलं, ती ज्या गावाकडे निघाली होती ते जुनं गाव त्यात गेलं.

अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लचं नाव १९८४ मध्ये लागलं, बर्थाचं २०१६ मध्ये. तिच्या रस्त्याला त्याच्या आधी, २००८ मध्ये, अधिकृत मान्यता मिळाली. मॅनहाइमहून हायडेलबर्ग, वीसलोख, ब्रुख्झाल करत फोर्झहाइमला जाणारा आणि वेगळ्या वाटेने परत येणारा हा मार्ग १९४ किलोमीटरचा आहे. वाटेवर तिच्या नावाच्या पाट्या आहेत, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन आपापल्या गाड्या घेऊन तो पुरा करतात, चढ-उतारांसकट.